उलांडीवरचं वजन

"फायबर बोटीचं इंजिन चालू होत नाहीये," खानझोडे सर म्हणाले. "आज बस्त्यावच्या होडीतून जाऊ."

झालं! देवबागच्या वाळूत खांद्यावर स्कूबाचं सिलिंडर घेऊन उभी होते मी, आणि तिथल्या तिथे मला वाटलं, संपलं, चैत्राली तांडेल आज परत नापास.

कारण ऐका ना, मी सगळी प्रॅक्टिस केली होती ती फायबर बोटीवरच्या बॅक रोलची. म्हणजे बोटीच्या काठावर समुद्राकडे पाठ करून बसायचं, पाठीवर सिलिंडर, एक हात मास्कवर, एक हात पट्ट्यावर, हनुवटी छातीला, आणि मागच्या मागे धप्प! असलं भारी दिसतं ते! मी तो इतक्यांदा केला होता की घरी पलंगावरूनसुद्धा तशीच पडायचे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मोडलीस गो कंबर!"

आणि तरी नोव्हेंबरमध्ये मी नापास झाले होते. का? तर मी एवढ्या जोरात "एक, दोन, तीन!" म्हटलं आणि एवढी झोकात मागे पडले, की मागे बघायचंच राहिलं. मागे इचलकरंजीचे एक काका रबरी टायरमध्ये शांतपणे तरंगत होते. मी थेट त्यांच्या मांडीवर. त्यांना काही झालं नाही, टायर तेवढा फुटला. पण सरांनी कागदावर एक ओळ लिहिली, 'स्वतःकडे बघते, पाण्याकडे नाही', आणि पाहुण्यांना समुद्राखाली नेणाऱ्या गाईडची परीक्षा संपली.

मग आईने सांगून टाकलं, "आणि एकदाच. आता पास झालंस तर कर काय ता. नायतर सोमवारी कुडाळाक फार्मसीचो फॉर्म." आणि ही दुसरी परीक्षा आली शनिवारी. फेब्रुवारीतला शनिवार. म्हणजे मध्ये फक्त रविवार.

आणि सर कसे, तर नागपूरचे. ज्या गावात समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात असतो तिथला माणूस वीस वर्षं आमच्याकडे लोकांना समुद्राचा तळ दाखवतोय. आणि त्यांचा पुढचा दात अर्धा तुटलेला. त्यावर आम्हा शिकणाऱ्या पोरांमध्ये शंभर गोष्टी होत्या. कुणी म्हणायचं अंदमानात शार्कने शेपटी मारली, कुणी म्हणायचं दुबईत मारामारी झाली. सरांना विचारायची हिंमत कुणाचीच नव्हती.

तर बस्त्यावकाकांची होडी. लहान, अरुंद, आणि एका बाजूला उलांडी. तुम्ही पुण्याचे, तुम्हाला सांगते. होडीतून दोन आडवे दांडे एका अंगाला बाहेर काढलेले असतात, चांगले पुरुषभर लांब, आणि त्यांच्या टोकांना पाण्यावर तरंगणारा एक लांबलचक ओंडका बांधलेला. ती उलांडी. तिच्यामुळे अरुंद होडी कलंडत नाही. दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

आणि मला ती होडी मनापासून आवडत नव्हती. लाज वाटायची, खरं सांगते. मी सात-आठ वर्षांची असताना पपा बस्त्यावकाकांबरोबर जाळी ओढायला जायचे. जाळं ओढताना सगळी माणसं मोकळ्या अंगाला वाकतात, मग उलांडी पाण्यातून वर उचलली जाते. म्हणून तिच्या दांड्यावर कुणीतरी वजन म्हणून बसावं लागतं. ते वजन मी. दोन-दोन तास नुसतं बसायचं. माझा दादा मला 'धोंडो' म्हणायचा. शाळेतसुद्धा पसरलं ते. "धोंडो इलो, धोंडो इलो!" मी बॅक रोल शिकत होते ना, त्यात अर्धं कारण हे होतं. धोंडो कधी उलटा उडतो का?

पाहुणे दोन होते. गडहिंग्लजच्या घाटगे बाई, चौसष्ट वर्षांच्या, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या, गळ्यात अजून शिट्टी. आणि त्यांचा भाचा ऋतुराज, माझ्याच वयाचा, छातीवर कॅमेरा बांधलेला.

"आत्ती, मी उलटी उडी मारणार बघ," ऋतुराज म्हणाला. "विषय हार्ड! व्हिडिओ टाकला की गडहिंग्लज बंद."

"तू आधी चप्पल काढ," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे बघ पोरी, माझा हा गुडघा गेलाय. एप्रिलमध्ये ऑपरेशन. पाण्यात चालतंय म्हणून डॉक्टरची चिठ्ठी आणलीय. गेल्या वर्षी एका ठिकाणी गेलो होतो, त्यांनी माझं लंगडणं बघितलं आणि म्हणाले, बाई तुम्ही बोटीतच बसा, पर्सा सांभाळा. मी बत्तीस वर्षं पोरांना विहिरीत पोहायला शिकवलंय, आणि मी पर्सा सांभाळत बसले! तू मला काठावर बसवू नकोस."

"नाही बसवणार," मी म्हटलं. बोलून गेले! कसं ते माहीत नव्हतं.

आम्ही निघालो. समुद्र असा होता, परातीतल्या पाण्यासारखा. पंधरा मिनिटांत खडपांजवळ, म्हणजे पाण्यातल्या खडकांजवळ पोचलो, बस्त्यावकाकांनी नांगर टाकला, इंजिन बंद केलं. खाली पाच-सहा मीटरवरचे दगडसुद्धा दिसत होते. तोवर मी वाटेत सगळ्या खुणा शिकवून ठेवल्या होत्या, श्वास कसा घ्यायचा, कान कसे मोकळे करायचे, सगळं.

सरांनी पाय पसरले, टोपी तोंडावर ओढली आणि म्हणाले, "मी आज सर नाही. मी नागपूरहून आलेला टुरिस्ट आहे. मला काहीच येत नाही. मॅडम, मी पाण्यात कुठून जाऊ?"

"म्हणजे सर?"

"म्हणजे ते तूच ठरव ना. गाईड कोण आहे? काऊन माझ्याकडे पाहून राहिली तू?"

मी होडीकडे बघितलं. उभं राहून मोठं पाऊल टाकून उतरायचं, तर होडीत नीट उभंही राहता येत नव्हतं, आणि बाईंचा गुडघा. शिडी? होती, पण मोकळ्या अंगाला टांगलेली, आणि पाठीवर पंधरा किलोचं सिलिंडर घेऊन बाई त्या शिडीवर उलट्या कशा उतरणार? राहिला बॅक रोल. माझा बॅक रोल! मोकळ्या अंगाकडून मी आधी जाते, झोकात, सर बघतील, मग बाई... बाईंना मागे कसं पाडायचं? त्यांचा गुडघा काठावर वळतच नव्हता.

मी हा विचार करत होते तोवर ऋतुराजने सिलिंडर चढवलं होतं, मास्क लावला होता आणि जागाही निवडली होती. त्याला ऊन तोंडावर हवं होतं, व्हिडिओसाठी. म्हणून तो काठावर बसला होता. उलांडीच्या अंगाला.

"तीन म्हटलं की जाणार हां!" तो म्हणाला. "एक!"

त्याच्या सिलिंडरच्या मागे, वीतभर खाली, आडवा दांडा.

"दोन!"

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की सरांच्या तोंडावरची टोपी पडली. मी उडी मारून त्याच्या जॅकेटचे दोन्ही पट्टे पकडले आणि त्याला पुढे ओढलं. तो माझ्यावर, मी माशाच्या टोपलीवर.

"काय झालं काय?"

"मागे बघ."

त्याने बघितलं. हात मागे नेऊन दांडा चाचपला. मग म्हणाला, "आयला. डोकं फुटलं असतं की."

"गडहिंग्लज बंद झालं असतं," बाई म्हणाल्या.

"मग मी इकडनं जातो," असं म्हणून तो उठला आणि सिलिंडरसकट मोकळ्या अंगाला जाऊन बसला. बाई त्याच्यावर ओरडायला तिकडेच सरकल्या. सर सिलिंडर सांभाळायला तिकडेच वाकले. आणि होडी कलली! पाणी काठापर्यंत आलं, आणि पलीकडे उलांडी हळूच पाण्याबाहेर, वर, ठिबकत.

"उठू नकात!" बस्त्यावकाका सगळ्यांवर ओरडले, मग माझ्याकडे वळले. "चेडवा, उलांडी! उलांडी इली वर!"

मी विचार केला असं सांगितलं तर खोटं होईल. माझे पायच गेले. काठावरून दांड्यावर, दांड्यावरून टोकाकडे, आणि बसले. धप्प करून उलांडी खाली पाण्यावर टेकली, होडी सरळ झाली. दहा वर्षांनी मी परत तिथेच बसले होते, पाय पाण्यात सोडून.

"धोंडो विसराक नाय," बस्त्यावकाका हसले.

"धोंडो कोण?" ऋतुराजने लगेच विचारलं.

"कोणी नाही!" मी म्हटलं.

मला रडू येत होतं. परीक्षा चालू, सर बघतायत, आणि मी कुठे बसलेय तर धोंडोच्या जागेवर. मी मान खाली घातली. आणि खाली पाणी दिसलं.

ते हलतच नव्हतं! म्हणजे बाहेर बारीक लाटा होत्या, पण इथे, एका बाजूला होडी, एका बाजूला ओंडका, पुढे-मागे दोन दांडे, आणि मध्ये घरासमोरच्या खळ्यासारखं चौकोनी पाणी. निवांत. मी लहानपणी दोन-दोन तास याच पाण्याकडे बघत बसायचे, यात पाय हलवायचे, कंटाळा आला की यात सरकून उतरायचे आणि दांडा धरून परत वर यायचे. सात वर्षांची असताना. कुणी शिकवलं नव्हतं. आणि माझं वजन इथे असताना होडी तसूभर हलत नव्हती.

"सर!" मी ओरडले. "ठरलं!"

"मी टुरिस्ट आहे."

"मग टुरिस्ट, तुम्ही ऐका. आणि सगळे जण ऐका. सगळे होडीच्या मधोमध बसा. मी सांगितल्याशिवाय कुणीही मोकळ्या अंगाला सरकायचं नाही. एका वेळी एकच माणूस उठणार. काका, लाट वाढली किंवा दुसरी बोट जवळ आली तर हाक मारा, मग हे सगळं रद्द, कारण ओंडका वरखाली व्हायला लागला तर डोक्यात बसेल."

"होय, मॅडम," काका म्हणाले. मॅडम! मला काकांनी!

मी सिलिंडर बांधलेलं माझं जॅकेट हवा भरून फुगवलं, त्या चौकोनात सोडलं, दांड्याला दोरीने बांधलं, मग स्वतः दांड्यावरून सरकून उतरले. आवाजसुद्धा झाला नाही. पाणी उडालं नाही. फोटो काढण्यासारखं काहीही नव्हतं. पाण्यातच जॅकेट चढवलं. वर्षभराचा बॅक रोल गेला, मनात म्हटलं, सोमवारी कुडाळ.

"आता ऋतुराज. तू उलटाच जा, मोकळ्या अंगाकडून. पण तू तिकडे बसलास की उलांडी उचलणार. तिच्यावर वजन पाहिजे." मी सरांकडे बघितलं. "टुरिस्ट, तुम्ही उलांडीवर बसा."

सरांनी टोपी काढली. "मी?"

"हो, तुम्ही. दांड्याला धरून जा. मध्ये उभे राहू नका."

सर एक क्षण त्या दांड्याकडे बघत राहिले, असं बघत राहिले की मला वाटलं आता कागद काढतात आणि लिहितात. मग निमूट गेले आणि बसले, दोन्ही हातांनी घट्ट धरून. बस्त्यावकाका खोकल्यासारखं करून दुसरीकडे बघायला लागले.

मी पोहत वळसा घालून मोकळ्या अंगाला गेले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खाली बघितलं, परत मागे बघितलं. एकही टायर नाही. "साफ आहे! मास्क धर, हनुवटी छातीला. एक, दोन, तीन!" धप्प! पाण्यातून वर आला तो ओरडतच, "नाद खुळा!" त्याला चौकोनात आणून दांडा धरायला लावला. सरांना परत होडीत मध्ये बसवलं.

आता बाई.

सिलिंडर पाठीवर नाहीच. ते खाली पाण्यात, माझ्या हाताशी तरंगत होतं. बाई काठावर बसल्या, मग बसल्या बसल्या दांड्यावर सरकल्या, दुखरा पाय सरळच्या सरळ पुढे. अर्ध्या वाटेत थांबल्या. बत्तीस वर्षं शिट्टी मारलेली बाई, पण खाली पाण्याकडे बघायला तयार नव्हत्या. घाई करायची नाही, एवढं मला समजलं.

"हे लाकूड मोडायचं तर न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई."

"कशाचं हाय?"

मला माहीत नव्हतं! वर्षानुवर्षं त्याच्यावर बसले होते आणि कधी विचारलं नव्हतं. "काका, उलांडी कसली?"

"ओंडको? पांगाऱ्याचो."

बाईंचा चेहरा असा काही बदलला, तुम्हाला कसं सांगू! "पांगारा? अगं, आधी सांगायचं की! आमच्याकडं विहिरीत पोरांच्या पाठीला पांगाऱ्याचाच बिंडा बांधतात. मी हजारभर पोरं पांगाऱ्यावर सोडलीत. पांगारा आजवर कुणाला खाली घेऊन गेला न्हाई. ऋत्या, तुला कशावर शिकवलं?"

"पांगाऱ्यावर, आत्ती," ऋतुराज खालून म्हणाला. "माझा सुटला होता एकदा."

"ती गाठ तुझ्या आईनं मारली होती," बाई म्हणाल्या, आणि ते म्हणता म्हणताच सरकून पाण्यात उतरल्या. डोकंसुद्धा भिजलं नाही! मी जॅकेट त्यांच्या हातांतून चढवलं, पट्टे लावले, नळी तोंडात दिली. दोन मिनिटं त्या दांडा धरून नुसता श्वास घेत राहिल्या. मग अंगठा आणि बोट जुळवून खूण केली, सगळं ठीक. सर मागून कधी उतरले मला कळलंसुद्धा नाही, तेही दांड्यावरूनच, बसून.

खाली काय झालं ते एक वेगळंच. पाण्यात बाई लंगडत नव्हत्या! पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवा समोरून आला आणि बाईंनी त्यांना बोटाने मोजायला सुरुवात केली, हजेरी घेतल्यासारखं. एक मासा रांग सोडून गेला तर त्याच्याकडे बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले. मला तोंडात नळी असताना हसू आलं आणि मास्कमध्ये पाणी गेलं. वीस मिनिटांनी वर आलो तर त्या होडीत चढेचनात. सिलिंडर काढून उलांडीच्या दांड्यावर बसल्या, पाय पाण्यात सोडून, शिट्टी वाजवून.

"तू पण ये बस," मला म्हणाल्या.

"दोघा नको!" बस्त्यावकाका ओरडले. "एकच धोंडो पुरो!"

परत येताना सरांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. मी समोर बसले होते.

"बॅक रोल नाही दिसला तुझा," सर म्हणाले.

"हो सर."

"एक वर्ष प्रॅक्टिस केली म्हणे."

"हो सर."

"इथे एक रकाना आहे. पाण्यात उतरण्याची पद्धत. काय लिहू?"

मी खूप विचार केला, काही भारी शब्द सुचेना. "बसून, सर."

सरांनी लिहिलं, 'बसून'. खाली आणखी काहीतरी लिहिलं, सही केली आणि कागद माझ्याकडे दिला. मी आधी शेवटची ओळ वाचली. 'पाण्याकडे बघते. पास.'

मी किंचाळले! आणि मी उठले! आणि चौघे एकदम ओरडले, "बस!" कारण होडी परत कलली.

मग काठ जवळ आल्यावर आमची फायबर बोट दिसली. आमच्याच सेंटरची दोन मुलं ती मजेत फिरवून आणत होती. इंजिन कसं, मांजरासारखं गुरगुरत होतं.

"सर, हिचं इंजिन..."

"काय एक झाला नव्हता इंजिनाक," बस्त्यावकाका म्हणाले. "जो नापास जाता तेच्या दुसऱ्या परीक्षेक ह्यांका माझीच होडी व्हयी."

मी सरांकडे बघितलं. सर समुद्राकडे बघत होते. "फायबर बोटीवरून कोणीही उतरते," ते म्हणाले. "वीस वर्षांमागे मी इथे आलो, पहिला दिवस. मला वाटलं मला सगळंच येते. याच होडीत बसलो. ऊन तोंडावर पाहिजे होतं, फोटो काढून राहिला होता एक जण. एक, दोन, तीन म्हटलं आणि गेलो मागे." त्यांनी बोटाने ओठ वर केला आणि अर्धा दात दाखवला. "सिलिंडर दांड्यावर, मी उलटून फेकलो गेलो, आणि तोंड या काठावर. इथे. बघ, अजून खूण आहे."

खरंच होती. काठाच्या लाकडात एक बारीक खाच. मी इतकी वर्षं तिथे हात टेकवून होडीत चढत होते.

म्हणजे ना शार्क, ना दुबई! ऋतुराज हसून हसून कॅमेऱ्यावर पडला. बाईंनी पदर तोंडाला लावावा तसा टॉवेल लावला. सरसुद्धा हसायला लागले, अर्ध्या दाताने. फक्त बस्त्यावकाका हसत नव्हते. त्यांनी सुकाणू धरलं होतं आणि वीस वर्षांचा राग तोंडावर होता.

"दात ह्यांचो अर्धोच मोडलो," ते म्हणाले. "दांडो माझो आख्खो गेलो, तेचा कोण बोलना नाय!"